तिकिटाच्या पाठीवरचं बारीक अक्षर

दानाइतकी निर्मळ गोष्ट माणसाने दुसरी शोधून काढलेली नाही. चाकाचा शोध लागला आणि त्याखाली माणसं आली, आगीचा लागला आणि घरं जळली. दानाने मात्र आजवर कुणाचं वाकडं झालेलं नाही. हे उद्गार आमच्या भाऊजींचे. ते काढले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात रॅफलची एकतीस तिकिटं होती, आणि चहाचे पैसे ते माझ्याकडे मागत होते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने चष्मेवाले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. एकाला बसता येईल आणि दुसऱ्याला अवघडून उभं राहता येईल एवढं. चाळीस वर्षं त्यांनी तिथे लोकांच्या नाकावर काचा चढवल्या. माणसं नावाने लक्षात ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. ते नंबराने ओळखायचे. रस्त्यात कुणी हात केला की मला हळूच सांगत, "मायनस साडेतीन. सज्जन माणूस. डावा डोळा जरा आळशी." जुने पोस्टमास्तर वारले त्या दिवशी घरी येऊन ताईला म्हणाले, "प्लस दोन गेले गं," आणि खरोखरीच डोळे पुसले.

जुगाराचा त्यांना मनस्वी तिटकारा. घरात पत्त्यांचा डाव बसला तर काडेपेटीतल्या काड्या लावून खेळायचे, आणि जिंकले तर काड्या ज्याच्या त्याला परत करायचे. असा माणूस बिघडायचा तरी कसा? तर दान करून.

दुकान विकलं तेव्हा आलेल्या पैशातला एक वाटा त्यांनी ताईच्या डोळ्यांसाठी बाजूला काढून ठेवला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला होता. त्याच सुमारास गावातल्या डोळ्यांच्या धर्मादाय रुग्णालयाने रॅफल सुरू केली. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सोडत. जमणारा पैसा गरिबांच्या मोफत ऑपरेशनला, आणि पहिलं बक्षीस मोटारगाडी. ती लाल फीत बांधून रुग्णालयाच्या पोर्चमध्ये उभी असे, त्यामुळे आंधळे चाचपडत येऊन आधी तिच्यावर आपटत. भाऊजींनी पहिल्या महिन्यात एक तिकीट घेतलं. "आपल्याच धंद्यातलं काम आहे," म्हणाले. त्याला तिसरं बक्षीस लागलं, थर्मास. थर्मास फुटका निघाला, चहा दहा मिनिटांत पाणी. पण त्या शनिवारी भाऊजींच्या डोक्यात जे ऊन ऊन ओतलं गेलं ते काही निवेना.

मग त्यांनी एक पद्धत बसवली. जुन्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची तिकिटं घ्यायची. साडेतीन म्हणजे तीनशे पन्नास, सव्वादोन म्हणजे दोनशे पंचवीस. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं. सगळ्यांवर सारखीच माया. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं नाही, असं कसं चालेल?

जुगाऱ्याला घरचे बोलतात, शेजारी हसतात, सासुरवाडीला पाटावर बसवायची पंचाईत होते. दात्याला कोण बोलणार? उलट रुग्णालयाचा कारकून त्यांना बघून खुर्ची पुढे करायचा. शिवाय या हाताचं दान त्या हाताला कळू नये, अशी रीत आहेच. भाऊजींनी ते बायकोलाही कळू दिलं नाही.

आणि बायकोला दिसत तरी कुठे होतं? दोन वर्षांत ताईचं जग दुधात बुडालं. ती शाळेचे गणवेश शिवायची. आधी सुईत दोरा ओवायला शेजारीण लागू लागली, मग मशीनवर चादर पडली. खुंटीवरच्या कोटाला ती म्हणायची, "अहो, आलात का? किती उशीर!" कोट उत्तर देत नसे. भाऊजीही क्वचितच देत, त्यामुळे तिला फरक कळत नसे.

मी विचारलं, "ऑपरेशनचं काय?" की भाऊजी मान हलवायचे. "अजून पिकला नाही. पिकल्याशिवाय हात लावायचा नसतो." डोळ्यांच्या बाबतीत चष्मेवाल्याच्या शब्दापुढे कोण जाणार? ताई म्हणायची, "त्यांना कळतं रे, छोट्या." मी पासष्टचा आहे, ताईच्या लेखी अजून छोट्याच.

मग एकदा माझाच डोळा चुरचुरू लागला म्हणून मी त्याच रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जाता जाता विचारलं, "मोतीबिंदू पिकायला साधारण किती दिवस लागतात हो?"

बाईंनी माझ्या डोळ्यावर धरलेला दिवा बाजूला केला. "पिकायला ते काय फळ आहे? पूर्वी थांबायचे. आता दिसायची अडचण होऊ लागली की काढतात. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"एका तज्ज्ञाने," मी म्हणालो.

तिथून तडक ताईच्या घरी. ती शेजारणीकडे गेली होती. भाऊजी मागच्या खोलीत, दुकानातून आणलेल्या जुन्या टेबलाशी. समोर त्यांची ट्रायलची पेटी. नंबर काढताना एकेक काच डोळ्यापुढे धरतात ना, त्या काचांची लाकडी पेटी. प्रत्येक काचेला एक खाच. पेटी उघडीच होती. काचा नव्हत्या. प्रत्येक खाचेत घडी घातलेली तिकिटं, नंबरवार लावलेली.

"भाऊजी," मी म्हणालो, "डॉक्टरीणबाई म्हणतात, पिकायला ते फळ नाही."

त्यांनी पेटी मिटली. मग परत उघडली. मिटून काही उपयोग नव्हता. "बस," म्हणाले.

सगळं सांगितलं. डोळ्यांसाठी ठेवलेलं गेलं होतं. आता बेत असा होता, की गाडी लागली की ती विकायची, ऑपरेशन करायचं, आणि उरलेले परत दान करायचे.

"आणि नाही लागली तर?"

"तर पैसा गेला कुठे? रुग्णालयातच ना! कुणाचा तरी डोळा उघडलाच असेल."

"ताईचा सोडून कुणाचा तरी."

भाऊजी अडचणीत आले की काहीतरी पुसत बसतात. त्यांनी भिंग पुसायला घेतलं. बराच वेळ पुसलं. मग विषय बदलायचा म्हणून एक तिकीट पालथं घालून माझ्यापुढे सरकवलं. "हे बघ. हा अन्याय बघ."

मला काही दिसेना. नुसता करडा पट्टा.

"पट्टा नाही, अक्षरं आहेत. भिंगातून बघ."

भिंगातून बघितलं. लिहिलं होतं, 'खेळ हाताबाहेर जातो आहे असं वाटल्यास या क्रमांकावर फोन करा. बोलणं गुप्त राहील.' खाली क्रमांक.

"गुप्त तर राहणारच," भाऊजी म्हणाले. "एवढ्या अक्षरात छापल्यावर कोण वाचणार? पन्नाशीपुढच्या माणसाला शक्य नाही. अडीचचा चष्मा लावूनही नाही. मी तक्रार करणार आहे."

"करा."

"करीन की."

"आत्ता करा," मी फोन त्यांच्या हातात दिला. "मी साक्षीदार."

साक्षीदाराला ऐकू यावं म्हणून त्यांनी आवाज मोठा केला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "नमस्कार, बोला." भाऊजी फोनवर हात धरून मला कुजबुजले, "चाळिशीच्या आतल्या आहेत. अजून चष्मा नसणार." मग घसा साफ करून, "तक्रार आहे. तुमचा क्रमांक तिकिटामागे फार बारीक छापलाय. मी धंद्याने चष्मेवाला, म्हणून भिंगाने तरी वाचला."

"बरं झालं सांगितलंत. लिहून घेते. आणखी काही?"

"शाई फिकी आहे."

"तेही घेते. कुठल्या तिकिटावर, काका?"

"सगळ्याच."

"सगळ्या म्हणजे साधारण किती तिकिटांच्या मागे बघितलंत?"

भाऊजींनी पेटीकडे बघितलं. पेटीत दोनशेच्या वर खाचा होत्या.

"मोजली नाहीत," ते म्हणाले.

"हरकत नाही. याच महिन्याची, की आधीचीही?"

"दोन वर्षांची."

"बरं," त्या म्हणाल्या. पुढ्यात पाण्याचा पेला ठेवावा तसा शब्द ठेवला. "घरी कुणाला माहीत आहे?"

"मेहुण्याला. पाऊण तास झाला."

"म्हणजे पाऊण तासापूर्वीपेक्षा बरं आहे की."

बाई ओरडतील, शिकवतील, अशा तयारीने भाऊजी ताठ बसले होते. त्या ओरडल्याच नाहीत, त्यामुळे त्यांची फार पंचाईत झाली. ताठ पाठ घेऊन माणूस किती वेळ बसणार? हळूहळू ते खुर्चीत खाली सरकले, आणि सांगत सुटले. शनिवार जवळ आला की झोप कशी लागत नाही, सोडतीला इस्त्रीचा शर्ट घालून जातात तो कसा घामाने भिजतो, दुसऱ्याचं नाव पुकारलं की टाळ्या वाजवताना हात कसे बधिर होतात. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो. यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. आणि ते सगळं एका बिनचष्म्याच्या बाईंना सांगून मोकळे.

बाईंनी पत्ता दिला. वाचनालयाची वरची खोली, दर गुरुवारी चार वाजता. अशीच माणसं जमतात. "शनिवारच्या सोडतीला जाऊ नका. पाय ऐकत नसले तर मला फोन करा. आणि काका, घरी सांगा."

"सांगतो. ते अक्षर तेवढं मोठं करा."

"वर कळवते."

गुरुवारी मी त्यांना घेऊन गेलो, म्हणजे ते निसटू नयेत म्हणून बरोबर गेलो. वाचनालयाच्या माळ्यावर आठ खुर्च्या गोल मांडलेल्या, कोपऱ्यात चहाची किटली. मुख्य म्हणून बसले होते ते निवृत्त बस ड्रायव्हर. अजूनही वळताना आधी आरशात बघितल्यासारखी मान वळवत. बाजूला बेकरीवाल्या बाई. आणखी तिघे-चौघे.

भाऊजींनी उभं राहून पहिलंच वाक्य टाकलं, "आधी एक स्पष्ट करतो. मी जुगारी नाही. मी दाता आहे."

"बसा, बसा," ड्रायव्हर म्हणाले. "मीही बावीस वर्षं घोड्यांच्या चाऱ्याला मदत करत होतो."

बेकरीवाल्या बाई इतक्या हसल्या, की त्यांच्या बशीतला चहा सांडला. त्या स्वतः शाळेच्या छपराच्या रॅफलपासून सुरू झाल्या होत्या. "छप्पर कधीच झालं," म्हणाल्या. "मी मात्र उघड्यावर आले."

भाऊजींना ती मंडळी आवडली. माणसं आवडली की त्यांना काहीतरी द्यावंसं वाटतं. चहाच्या वेळी त्यांनी खिशात हात घातला, शनिवारच्या सोडतीची दोन तिकिटं काढली, आणि मोठ्या आपुलकीने ड्रायव्हरांपुढे धरली. "घ्या ना. माझ्याकडून. फुकट. चांगल्या कामाला आहे."

ड्रायव्हर तव्यावर हात पडावा तसे मागे झाले. खुर्ची कलंडली. सहा फुटी माणूस, पण पार भिंतीला टेकला. नजर मात्र त्या दोन कागदांवरून हलेना. बेकरीवाल्या बाईंनी भाऊजींची मूठ हळूच मिटवली. "आत ठेवा, काका. खेळ सोडून त्यांना तेरा महिने झालेत."

भाऊजींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघायचंच काम केलं होतं. त्या दिवशी ड्रायव्हरांच्या डोळ्यांत त्यांनी जे बघितलं, ते त्यांना ओळखता आलं. तिकिटं त्यांनी तिथेच फाडली. एकाचे चांगले आठ तुकडे केल्यावर दुसऱ्याच्या नंबरावर नजर टाकलीच. मग त्याचेही केले.

घरी जाताना एकदम अहो-जाहोवर येऊन म्हणाले, "मेहुणे, तुम्ही सांगा तिला."

"मी का? लग्न तुम्ही केलंत."

ताई स्वयंपाकघरात ओट्याशी स्टुलावर बसली होती. भाऊजी दारात उभे राहिले. तिने तिकडे बघितलं. "कोण? कोट की माणूस?"

"माणूस," भाऊजी म्हणाले, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दान, गाडी, पेटी, फोन, गुरुवार.

ताई हातातल्या फडक्याची घडी घालत राहिली. घालून झाली की उलगडायची, पुन्हा घालायची.

"म्हणजे पिकला होता?"

"काढायला दोन वर्षांपूर्वीच झाला होता."

"आणि मला वाटायचं," ताई म्हणाली, "मला सुरीची भीती वाटते, हे ओळखून तुम्ही पुढे ढकलताय. तोंडाने न बोलता माझी भीती सांभाळताय. दोन वर्षं मनातल्या मनात तुम्हाला केवढा मोठेपणा दिला मी! तो आधी परत करा."

"घे," भाऊजी म्हणाले. दुसरं काही देण्यासारखं नव्हतंच.

ती त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली. पण ते बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला प्रत्येक शब्द रास्त होता. मग तिने ठरवलं: घरचे सगळे व्यवहार तिच्याकडे, भाऊजींच्या खिशात चहापुरते पैसे, गुरुवार चुकवायचा नाही. "दिसत नसलं तरी नोटा बोटांना कळतात मला," म्हणाली. "आणि आता ऑपरेशन. भीती वाटली तर वाटू दे."

पण करायचं कशाने? मी म्हणालो, मी देतो. भाऊजी म्हणाले, तुझं स्वतःचं छप्पर गळतंय, गप्प बस. राहिलं काय, तर रुग्णालयाची मोफत योजना. रॅफलच्या पैशावर चालणारी.

आयुष्यात पहिल्यांदा भाऊजी घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. देणाऱ्यांची रांग त्यांना पाठ होती. ती जिन्याच्या डावीकडून जाते. घेणाऱ्यांची मागच्या दाराने. खिडकीत तोच कारकून.

"अहो, तुम्ही? इकडे कुठे? तुम्ही तर आमचे आश्रयदाते!"

"आश्रयदात्याला आश्रय पाहिजे," भाऊजी म्हणाले. "अर्ज द्या."

अर्जात एक रकाना होता: 'आर्थिक अडचणीचं कारण.' भाऊजींनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'रॅफल'.

कारकुनाने तो उलटा-सुलटा वाचला. "हे बरं दिसत नाही हो. समितीपुढे जायचं असतं. वृद्धत्व लिहा."

"वृद्धत्वाने एक पैसा नेला नाही माझा."

"मग नुसतं 'अडचण' लिहा."

"कारण विचारलंय ना? ते कारण आहे."

कारकुनाने सुस्कारा सोडून शिक्का मारला. दीड महिन्याने नंबर लागेल, म्हणाला. आणि मग केवळ सवयीने, शिक्क्याचा हात तसाच खणाकडे गेला. "बरं, शनिवारची शेवटची दोनच राहिलीत. हे बघा, दोनशे पंचवीस. तुमच्यासाठी काढून ठेवू?"

सव्वादोन म्हणजे ताईचा नंबर. मोतीबिंदू व्हायच्या आधीचा.

भाऊजींचा हात खिशाकडे गेला. खिशात चहापुरतेच होते, पण कारकून उधारीवरही देत असे, हे आम्हा दोघांना माहीत होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी माझी बाही धरली. शिवण उसवेल इतकी घट्ट. मी जागचा हललो नाही. गुरुवारी मला सांगितलं होतं, अशा वेळी ओढायचं नाही, नुसतं बाजूला उभं राहायचं.

"नको," भाऊजी म्हणाले. "मी खेळत नाही आता."

"खेळ कसला? दान आहे."

"मला ते वेगळं करता येत नाही. म्हणूनच नको. पुढे कधी द्यायचं झालं तर सरळ देईन आणि पावती घेईन. नंबर नसलेली."

बाहेर येऊन ते पायरीवर बसले, आणि त्यांनी आधी फोनवरच्या बाईंना फोन लावला. "तुमचे काका बोलतोय," म्हणाले. "बारीक अक्षरवाले." दोनशे पंचवीसला पुढे काय लागलं ते मला माहीत नाही. मी विचारणार होतो. त्यांनी विचारू दिलं नाही.

दीड महिना ते रोज सकाळी ताईला पेपर वाचून दाखवायचे. जाहिरातींसकट, फक्त सोडतींचे निकाल सोडून. दोनदा घसरता घसरता वाचले, एका शनिवारी मला घरी बोलावून दाराला कडी लावायला सांगितली. तसे दिवस अजूनही येतात. ड्रायव्हर म्हणतात, येणारच. गाडी बंद केली तरी इंजिन लगेच थंड होत नाही.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. ताई आत जाताना माझा हात चुरगाळत होती, बाहेर आली ती म्हणाली, "एवढंच?" आणि भाऊजींकडे तोंड करून, "याला घाबरत होते मी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. भाऊजींनी माफीचं भाषण तयार केलं होतं. गुरुवारच्या मंडळींपुढे ते म्हणून दाखवलं होतं, बेकरीवाल्या बाई रडल्या होत्या, ड्रायव्हरांनी दोन वाक्यं कापली होती. नवा शर्ट घालून ते पलंगाशी उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडवली, डोळा पुसला, म्हणाल्या, "हळूहळू उघडा."

ताईने डोळा उघडला. आधी खिडकीकडे बघितलं, बराच वेळ. मग स्वतःच्या हातांकडे, दोन्ही बाजूंनी. मग माझ्याकडे. "छोट्या, किती म्हातारा झालास रे," म्हणाली. मग तिने मान वळवली आणि भाऊजींकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं एकेक करून, गजाने कापड मोजावं तसं.

भाऊजींनी दोन्ही हात जोडले. "दोन वर्षं," ते म्हणाले, "तुझ्या डोळ्यांपुढे मी..."

"अहो," ताई म्हणाली, "ते सगळं घरी बोला. आधी तेवढे कानातले केस कापून या."